वॉर थंडर: जुने रणगाडे जोडताना खेळ काय राखतो आणि काय गाळतो

ऑनलाइन रणगाडा-युद्धाच्या खेळात नवे वाहन आले की त्याची चर्चा बहुतेक वेळा तोफेपाशी सुरू होते आणि तोफेपाशीच संपते. गोळा किती मिलिमीटर पोलाद फोडतो, पुढचा गोळा भरायला किती सेकंद लागतात आणि ते वाहन मिळवायला किती काळ खर्ची पडेल, एवढे कळले की बहुतेकांचे समाधान होते. वॉर थंडर या खेळाचे हे परीक्षण लिहिताना मला मात्र दुसरीच गोष्ट तपासायची आहे. जे वाहन एके काळी खरोखर बनले, ज्यात खरी माणसे बसली आणि ज्याने खरे युद्ध पाहिले, ते पडद्यावर आणताना त्याच्या बलस्थानांबरोबर त्याच्या उणिवाही तितक्याच निष्ठेने आणल्या जातात का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. या कसोटीवर हा खेळ पोलादाच्या बाबतीत उत्तम उतरतो; इंजिन, माणसे आणि लढाईचा संदर्भ यांच्या बाबतीत मात्र तो बराच कमी पडतो, असे माझे मत झाले आहे.

ज्यांना खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाइजिन एंटरटेनमेंट या कंपनीने २०१२ साली हा खेळ सार्वजनिक चाचणीसाठी खुला केला, तेव्हा त्यात फक्त विमाने होती. रणगाडे २०१४ मध्ये आले आणि अधिकृत आवृत्ती २०१६ च्या डिसेंबरात निघाली. खेळ फुकट उतरवता येतो. अमेरिका, जर्मनी, सोव्हिएत संघ, ब्रिटन, जपान, चीन, इटली, फ्रान्स, स्वीडन आणि इस्रायल अशा देशांची वेगवेगळी ‘झाडे’ असून बहुतेक झाडांच्या मुळाशी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेची हलकी वाहने आणि शेंड्याला आजचे आधुनिक रणगाडे आहेत. लढाया खेळून गुण मिळवायचे आणि एकेक वाहन खुले करत वर चढायचे, अशी ही रचना आहे.

याच क्षेत्रातील दुसरा मोठा खेळ म्हणजे वर्ल्ड ऑफ टँक्स. त्यात प्रत्येक रणगाड्याच्या नावावर आयुष्याचा एक आकडा असतो आणि गोळे लागतील तसा तो आकडा उतरत जातो. वॉर थंडरमध्ये असा आकडाच नाही. गोळा चिलखतावर कोणत्या कोनात आदळला, तिथे पोलाद किती जाड होते, तो आत शिरला असल्यास त्याच्या मागे उडालेल्या तुकड्यांच्या वाटेत कोण आणि काय होते, हे सगळे मोजले जाते आणि त्यावर वाहनाचे भवितव्य ठरते. एका गोळ्यात सगळे संपू शकते आणि पाच गोळे खाऊनही एखादी गाडी लढत राहू शकते. ऐतिहासिक वाहने जोडण्याच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे. आयुष्य आकड्यात मोजले की रणगाड्याची अंतर्गत मांडणी केवळ शोभेची उरते. ते मांडणीवर अवलंबून ठेवले, की कारखान्याच्या कोणत्या अभियंत्याने दारूगोळ्याचा कप्पा कुठे ठेवला हा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा निर्णय आजच्या खेळाडूच्या हारजितीशी थेट जोडला जातो.

याची प्रचीती घ्यायची असेल तर गॅरेजमधील ‘एक्स-रे’ दृश्य उघडावे. ब्रिटनच्या झाडातील सेंच्युरियन घ्या. पुढच्या उतरत्या पत्र्याची जाडी ७६ मिमीच आहे, म्हणजे कागदावर फार नव्हे. पण तो पत्रा इतका कललेला आहे की समोरून येणाऱ्या गोळ्याला त्याहून कितीतरी जास्त पोलाद पार करावे लागते. बुरुजाचा दर्शनी भाग सुमारे १५२ मिमी जाड आहे. मागे मिटिऑर इंजिन आहे, जे विमानांच्या प्रसिद्ध मर्लिन इंजिनापासून रणगाड्यांसाठी घडवलेले होते. लढाईत गोळा लागतो तेव्हा कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते आणि त्या गोळ्याचा आतला प्रवास दिसतो: बुरुजाच्या गालावरून घासून गेला, किंवा तोफेच्या बुडख्याला लागला, गनर (नेम धरून तोफ डागणारा) गेला, तोफ निकामी झाली, पण ड्रायव्हर आणि लोडर (गोळा भरणारा) शाबूत आहेत. मग जखमी गाडी मागे घेऊन उरलेल्यांपैकी एकाला गनरच्या जागी आणायचे, दुरुस्ती करायची आणि पुन्हा उभे राहायचे. ही काही क्षणांची चौकट रणगाड्याच्या रचनेबद्दल जेवढे शिकवते तेवढे मला छापील तक्त्यांतून कधी उमगले नव्हते.

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी चिलखती दलातून निवृत्त झालेले एक दफेदार राहतात. नोकरीची पहिली काही वर्षे त्यांनी विजयंता रणगाड्यात लोडर म्हणून काढली. खेळात विजयंता या नावाने तो रणगाडा झाडावर दिसत नाही. पण ज्या ब्रिटिश व्हिकर्स रणगाड्यावरून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात विजयंता बनवला गेला, तो व्हिकर्स ब्रिटनच्या झाडात आहे. तो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एक्स-रे दृश्य बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “लोडर डावीकडं बसवलाय, गनर-कमांडर उजवीकडं. बरोबर आहे. ड्रायव्हरच्या शेजारी गोळे ठेवलेत, तेबी बरोबर.” मग मी एक लढाई खेळून दाखवली. ओबडधोबड उतारावरून गाडी भरधाव नेत मी लागोपाठ गोळे झाडले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. “पोरा, गाडी अशी उड्या मारत असताना लोडर गोळा हातात धरून उभा असतोय. एका हातानं कुठंतरी धरावं लागतंय. तेवढ्याच वेळात गोळा भरत न्हाई.” मी म्हणालो, “काका, खेळात भरायचा वेळ ठरलेला असतो. गाडी उभी असो की धावत असो, तेवढाच.” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी नेमके बोट ठेवले होते ते खेळाच्या सर्वांत मोठ्या उणिवेवर. त्या उणिवेकडे मी पुढे येतो.

आधी जमेची बाजू पुरी करतो, कारण ती खरोखर भरभक्कम आहे. वाहनाच्या रचनेतून येणाऱ्या उणिवा हा खेळ फार काळजीने राखतो. सेंच्युरियनची तोफ सुमारे १० अंश खाली झुकते, तर सोव्हिएत घराण्यातील बहुतेक रणगाड्यांची तोफ त्याच्या जेमतेम निम्मी. बुरूज बुटका ठेवायचा, म्हणजे शत्रूला लक्ष्य लहान दिसेल, हा सोव्हिएत अभियंत्यांचा विचार होता. त्याची किंमत म्हणून तोफेचा बुडखा वर उचलायला आत जागा उरली नाही. खेळात याचा अर्थ असा होतो की सेंच्युरियन एखाद्या उंचवट्याआड, शेताच्या बांधाआड उभ्या राहिलेल्या माणसासारखा, नुसते डोके वर काढून लढू शकतो, आणि टी-५५ ला मात्र गोळा टाकण्यासाठी अर्धी गाडी उघड्यावर आणावी लागते. टी-७२ मागे सरकतो तो ताशी जेमतेम ४ किमीने. ही खऱ्या गाडीच्या गिअरपेटीची मर्यादा आहे. चुकीच्या कोपऱ्यावर एकदा पुढे गेलात की परतीची वाट नाही, हे खेळाडू फार लवकर शिकतो. टी-७२ मध्ये लोडर नाही. गोळे यंत्राने भरले जातात आणि बुरुजाखाली तळाशी एका फिरत्या चक्रात रचलेले असतात. त्यामुळे भरण्याचा वेळ नेहमी सारखा, सुमारे ७ सेकंद राहतो, माणूस दमण्याचा किंवा मरण्याचा प्रश्न येत नाही. पण त्या चक्राला धक्का लागला तर बुरूज उडून पडतो. सोय आणि धोका ही एकाच निर्णयाची दोन फळे आहेत, आणि खेळ ती दोन्ही देतो. फ्रेंच एएमएक्स-१३ चा बुरूज दोन तुकड्यांचा असून वरचा तुकडा तोफेसकट वरखाली डोलतो. हे विलक्षण यंत्रही येथे जसेच्या तसे डोलताना दिसते.

पीटी-७६ हे या बाबतीतील माझे सर्वांत आवडते उदाहरण आहे. सुमारे १४ टनांचे हे सोव्हिएत वाहन पाण्यावर तरंगते आणि मागच्या बाजूने पाण्याचे झोत सोडून नदी पार करते. तरंगण्यासाठी चिलखत इतके पातळ ठेवावे लागले की जड मशीनगनच्या गोळ्याही त्याच्या कुशीला घातक ठरतात. खेळात पीटी-७६ घेऊन नदीत उतरणे, नकाशाच्या ज्या बाजूला कोणी लक्ष ठेवत नाही तिथून वर निघणे आणि एक-दोन गोळे टाकून झटकन दिसेनासे होणे, हा त्याचा एकमेव शहाणपणाचा उपयोग आहे. समोरासमोर उभे राहिलात तर गाडी वाचत नाही. नव्या खेळाडूला हे वाहन निरुपयोगी वाटते. त्याचा स्वभाव ओळखणाऱ्याला ते फार आनंद देते. १९७१ च्या नोव्हेंबरात गरीबपूरच्या लढाईत भारताच्या ४५ कॅव्हलरीच्या स्क्वॉड्रनकडे हेच १४ रणगाडे होते, आणि पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीचे एम-२४ शॅफी. पहाटेच्या दाट धुक्यात ही चकमक झाली. शॅफी पीटी-७६ पेक्षा काहीशी जड आणि जुनी, पण चिलखत दोघांचेही पातळ, म्हणजे ज्याने आधी पाहिले आणि आधी झाडले त्याचे पारडे जड. दोन्ही वाहने खेळात आहेत आणि दोन्ही उत्तम घडवलेली आहेत. तरीही ती दोघे एकमेकांसमोर येण्याची शक्यता जवळजवळ नाही.

याचे कारण ‘बॅटल रेटिंग’, ज्याला सगळे खेळाडू बीआर म्हणतात. प्रत्येक वाहनाला एक आकडा दिलेला असतो आणि एका सामन्यात जास्तीत जास्त १.० च्या फरकातील वाहने एकत्र येतात. हा आकडा वाहनाच्या जन्मसालावर नव्हे तर खेळातील त्याच्या कामगिरीवर ठरतो. परिणामी पीटी-७६ बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पँथर आणि टायगरांसमोर उभा राहतो, आणि १९४४ च्या जर्मन किंग टायगरला युद्धानंतरच्या दशकातील गाड्यांशी सामना करावा लागतो. खेळ म्हणून समतोल साधायचा तर याला सोपा पर्याय नाही, हे मी मान्य करतो. नुसत्या सालाप्रमाणे जोड्या लावल्या तर एका बाजूचे खेळाडू दर सामन्यात चिरडले जातील आणि ती बाजू घ्यायला कोणी तयार होणार नाही. पण या व्यवस्थेमुळे जुन्या वाहनाचे खरे मोल झाकले जाते, कारण कोणताही रणगाडा चांगला की वाईट हे त्याच्या समोर कोण होते यावरच ठरत आले आहे. ठरावीक लढाईतील ठरावीक वाहने समोरासमोर आणणारे सामने अधूनमधून नव्हे, तर कायम उपलब्ध असावेत, अशी माझी ठाम मागणी आहे.

आता दफेदार काकांच्या बोटाकडे वळतो. खेळात यंत्र कधी बिघडत नाही. गोळा लागला तर इंजिन बंद पडेल, पट्टा तुटेल. पण आपणहून, नुसते वापरून, काहीही तुटत नाही. इतिहासात याच्या नेमके उलट घडले आहे. जर्मनीने १९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत सुमारे २०० पँथर उतरवले. तोफ अप्रतिम, पुढचे चिलखत कललेले आणि मजबूत. पण घाईने रणांगणात आणलेल्या त्या गाड्यांपैकी कितीतरी इंजिनाला लागलेल्या आगी आणि मोडलेली दंतचक्रे यांमुळे पहिल्या काही दिवसांतच जागेवर बसल्या. खेळातील पँथर दिवसभर धावतो. त्याची तोफ आली, त्याचे चिलखत आले, त्याची कमकुवत कूसही आली. पण ज्या दोषाने त्याचे युद्धातील भवितव्य ठरवले तोच वगळला गेला. विजयंताच्या लेलँड एल-६० इंजिनाचीही गत वेगळी नव्हती. त्या इंजिनाने ब्रिटिश चीफ्टन रणगाड्याच्या पथकांनाही सतावले होते. पडद्यावरचा व्हिकर्स मात्र ताशी ४८ किमीच्या वेगाने कुरकुर न करता पळतो.

दर सामन्यात गाड्या बंद पडल्या तर खेळण्यात गोडी उरणार नाही, हा युक्तिवाद मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच माझी सूचना एवढीच आहे की ज्यांना वास्तवाची ओढ आहे त्यांच्यासाठी असलेल्या ‘सिम्युलेटर’ प्रकारात तरी याची सोय व्हावी. सतत पूर्ण वेगाने गाडी दामटली तर इंजिन तापावे, जड गाडी जागेवर वळवताना दंतचक्रांची झीज व्हावी, धावत्या गाडीत गोळा भरायला वेळ लागावा. असे झाले तर शर्मनसारख्या साध्या, भरवशाच्या रणगाड्यांची थोरवी खेळाडूला अनुभवातून समजेल. आज त्या गाड्या केवळ मधल्या पायऱ्या म्हणून ओलांडल्या जातात.

माणसांच्या बाबतीतही हेच. खेळात पथकाचे कौशल्य गुण खर्चून वाढवता येते: लोडर वेगवान होतो, दुरुस्ती लवकर होते. पण १९६५ च्या ८ ते १० सप्टेंबरला असल उत्तरला जे घडले ते या हिशेबात बसत नाही. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे एम-४७ आणि एम-४८ पॅटन होते. ९० मिमीची तोफ, अंतर मोजणारी दुर्बीण आणि नेम ठरवणारे गणकयंत्र असलेली, त्या काळी अत्यंत आधुनिक वाहने. भारताकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. आपल्या सैन्याने नालाच्या आकारात मोर्चे बांधले, शेतांत पाणी सोडून जमिनीचा चिखल केला आणि उंच उसात रणगाडे दडवून पॅटन जवळ येईपर्यंत गोळी रोखून धरली. ती सारी गुंतागुंतीची उपकरणे अशा जवळच्या अंतरावर फारशी उपयोगी पडली नाहीत. पाकिस्तानने जवळपास शंभर रणगाडे गमावले. फोर्थ ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन टिपले, तिथेच त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या लढाईतील जवळजवळ प्रत्येक यंत्र वॉर थंडरमध्ये आहे. एम-४७ आहे, एम-४८ आहे, सेंच्युरियन, शर्मन, एएमएक्स-१३ आहेत. अब्दुल हमीद यांनी वापरली त्या जातीच्या १०६ मिमी तोफा अमेरिकेच्या एम-५० ऑन्टोसवर एकाच वेळी सहा बसवलेल्या दिसतात, आणि जपानच्या टाइप-६० वर दोन. फक्त ती लढाई नाही. पंजाबातील उसाची शेते आणि चिखल असलेला नकाशा नाही, आणि या गाड्या ज्या रेजिमेंटांनी गाजवल्या त्यांची ओळखही नाही. भारताचे स्वतंत्र झाड नाही. भारतीय खुणा असलेली मोजकी वाहने ब्रिटनच्या झाडाला जोडलेली आहेत. सेंच्युरियनचे वर्णन उघडले की ब्रिटिश कारखान्यांबद्दल माहिती मिळते. पण याच रणगाड्यातून फिलोराच्या आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व करताना १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांना वीरमरण आले, आणि याच रणगाड्यातून १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरला पुण्यात जन्मलेले २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढले, हे तिथे वाचायला मिळाले असते तर मराठी मुलाने ते वाहन वेगळ्या आदराने चालवले असते. स्वतंत्र झाड उभारणे मोठे काम आहे, हे समजते. एक शाखा तरी उभी करता येईल: १९४८ मध्ये झोजिलावर सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर नेलेला स्टुअर्ट हा हलका रणगाडा, मग शर्मन, एएमएक्स-१३, सेंच्युरियन, पीटी-७६, विजयंता, टी-५५ आणि टी-७२ अजेय. यातील बहुतेकांचे मूळ साचे खेळात आधीपासून तयार आहेत. लागणार आहे तो रंग, खुणा, लहानसहान फेरफार आणि अभ्यास.

अभ्यासाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाहनाच्या तपशिलात चूक आढळली तर खेळाडूला पुराव्यानिशी ती कळवता येते, आणि कारखान्याची पुस्तिका किंवा विश्वासार्ह ग्रंथ जोडावा लागतो. ही पद्धत मला फार आवडते. कंपनीने काही वर्षांपूर्वी जर्मनीच्या झाडातून पँथर-२ आणि १०५ मिमी तोफेचा टायगर-२ नव्या खेळाडूंसाठी बंद केले, कारण त्या रूपात ते कधी प्रत्यक्षात उतरलेच नव्हते. त्या निर्णयाने अनेकजण नाराज झाले. मला मात्र तो योग्य वाटला, कारण जो रणगाडा फक्त आराखड्यात होता त्याच्या उणिवा कोणालाच ठाऊक नसतात आणि म्हणून तो खेळात नेहमी प्रमाणाबाहेर चांगला ठरतो. अगदी आधुनिक वाहनांची अडचणही याच जातीची आहे. त्यांचे खरे आकडे गुप्त आहेत. २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर-२ रणगाड्याबद्दलच्या वादात एकाने गोपनीय पुस्तिकेतील पाने जाहीर केली आणि ती काढून टाकावी लागली. पुढे अन्य देशांच्या वाहनांबाबतही असे प्रकार घडले. ज्याचा पुरावा उघडपणे देता येत नाही त्याबद्दल अंदाजच बांधावे लागतात. १९४० ते १९७० च्या दशकांतील वाहनांना ही अडचण नाही. त्यांच्या पुस्तिका खुल्या आहेत, गाड्या संग्रहालयांत उभ्या आहेत आणि त्यांत बसलेली माणसे अजून आपल्यात आहेत. तरीही दर मोठ्या अपडेटचा झोत शेंड्याच्या नव्या रणगाड्यांवर असतो आणि जुन्यांच्या वाट्याला एखाद-दुसरी जागा येते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. खेळ फुकट असला तरी वरच्या पायऱ्यांवर प्रगती मंदावते आणि पैसे देऊन घ्यायच्या प्रीमियम वाहनांचा मोह वाढतो. त्यांतील काहींची किंमत काही हजार रुपयांत जाते. २०२३ च्या मे महिन्यात जगभरच्या खेळाडूंनी याच अर्थकारणाविरुद्ध खेळ विकणाऱ्या स्टीम या मंचावर नकारात्मक अभिप्रायांची रीघ लावली होती आणि त्यानंतर कंपनीला सुधारणांचे वेळापत्रक जाहीर करावे लागले. ज्याला जुन्या वाहनांचीच आवड आहे त्याला पैसे खर्च करण्याची गरज मला दिसत नाही, कारण महायुद्धकालीन आणि त्यानंतरच्या दशकांतील गाड्या सावकाश खेळूनही हाती येतात. मुलांच्या हाती खेळ देणाऱ्या पालकांनी कार्डाचा तपशील जतन करून ठेवू नये, एवढे आवर्जून सांगतो. मराठी भाषेची सोय नाही. खेळ अनेक जीबींचा आहे आणि अपडेटही मोठे असतात. होटगी रोडच्या बाजूला राहणारा माझा एक मित्र रात्री झोपताना डाउनलोड लावून ठेवतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणावा आणि पंख्याची हवा खालून मिळेल असे पाहावे. यंत्र तापले की सामन्याच्या मध्येच चित्र अडखळू लागते, आणि रणगाड्यांच्या या खेळात अर्ध्या सेकंदालाही किंमत आहे.

आवाजाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. चांगले हेडफोन लावून खेळा, कारण टेकडीपलीकडे कोणत्या जातीचे इंजिन आहे हे सरावाने केवळ कानांनी ओळखता येते.

सोलापूरकरांना या खेळाचा जसा उपयोग करून घेता येईल तसा फार थोड्या शहरांतील लोकांना जमेल. टेंभुर्णी-करमाळा मार्गे निघाले की एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर नगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते उभारले, आणि अरुण खेत्रपाल यांचा ‘फमागुस्ता’ हा सेंच्युरियनही नगरलाच याच केंद्रात जतन केलेला आहे. संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शॅफी, पॅटन, सेंच्युरियन, विजयंता उघड्यावर उभे आहेत. पडद्यावर ७६ मिमी हा निव्वळ आकडा असतो. तिथे ओतीव बुरुजाच्या खडबडीत पृष्ठभागाकडे आणि वितळजोडाच्या जाड शिवणीकडे जवळून पाहिले की त्यामागचे वजन समजते. माझी शिफारस अशी की नव्या खेळाडूने ब्रिटनच्या झाडापासून सुरुवात करावी. मटिल्डा मंद आहे, तोफ बेताची आहे, पण सुमारे ७८ मिमीचे तिचे दर्शनी चिलखत सुरुवातीच्या सामन्यांत भल्याभल्यांना दाद देत नाही; तिच्याबरोबर धीर शिकावा, पुढे सेंच्युरियनबरोबर उंचवट्याआड लढायला शिकावे, आणि व्हिकर्स हाती येईल तेव्हा त्याच्या पातळ चिलखताची जाण ठेवून अंतर राखून खेळावे. एवढे झाले की नगरला जाऊन विजयंतासमोर उभे राहावे आणि ड्रायव्हरची जागा कोणत्या बाजूला आहे ते स्वतः तपासून पाहावे.